पेशीला मरण्याची आज्ञा कोण देतो?

आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरा आणि बोटे फाकवून पाहा. पाच बोटे आणि त्यांच्यामध्ये चार रिकाम्या जागा. बोटांविषयी आपण पुष्कळ बोलतो. रिकाम्या जागांविषयी कोणी अवाक्षर काढत नाही. पण तुम्ही आईच्या पोटात होता तेव्हा, साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यात, हा हात म्हणजे बदकाच्या पायासारखे एक चपटे वल्हे होते. बोटांच्या मधल्या जागेतही जिवंत पेशी होत्या. त्या मेल्या म्हणून तुमची बोटे सुटी झाली. त्या पेशींना रोग झाला नव्हता, त्यांची उपासमारही झाली नव्हती. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, त्या स्वतःहून मेल्या. पावसाळ्यात डबक्यातल्या बेडकाच्या पिलाचे शेपूट दिवसेंदिवस आखूड होत जाते, तेही असेच.

पेशींच्या या मरणाला १९७२ साली जॉन केर, अँड्र्यू वायली आणि ॲलस्टेअर करी या तीन शास्त्रज्ञांनी 'अपॉप्टॉसिस' हे नाव दिले. ग्रीक भाषेतील या शब्दाचा अर्थ झाडाची पाने किंवा फुलाच्या पाकळ्या गळून पडणे असा आहे. नाव फार समर्पक आहे. शिशिरात पान गळते तेव्हा झाडाला जखम होत नाही. देठाशी झाड आधीच सगळी तयारी करून ठेवते.

पेशी दोन तऱ्हांनी मरू शकते. भाजले, ठेचले किंवा रक्तपुरवठा तुटला की पेशी फुगते, फुटते आणि आतला ऐवज आजूबाजूला सांडतो. तिथे सूज येते, दुखते, लाल होते. हे झाले घराला आग लागण्यासारखे. अपॉप्टॉसिसमध्ये पेशी आक्रसते, केंद्रकातील डी.एन.ए.चे व्यवस्थित तुकडे पडतात, सगळा ऐवज लहान लहान गाठोड्यांत बांधला जातो आणि शेजारच्या पेशी ती गाठोडी गिळून टाकतात. ना सूज, ना वेदना. तुमच्या शरीरात एकंदर तीस लक्ष कोटींहून अधिक पेशी आहेत. त्यांतल्या हजारो कोटी पेशी दररोज मरतात आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

मरणाचा हा कार्यक्रम किती नेमका असतो, याचा पुरावा मिळाला तो एका किड्यात. सीनोरॅब्डायटिस एलेगन्स या जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीची वाढ होताना त्याच्यात १,०९० पेशी तयार होतात. पैकी १३१ मरतात. प्रत्येक किड्यात तितक्याच, आणि त्याच! जॉन सल्स्टन यांनी सूक्ष्मदर्शकातून एकेका पेशीचा माग काढून ही वंशावळ मांडली आणि रॉबर्ट हॉर्विट्झ यांनी पेशींना मारणारी जनुके शोधून काढली. या दोघांना आणि या कामाचा पाया घालणाऱ्या सिडनी ब्रेनर यांना मिळून २००२ सालचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

आता मुख्य विषयाकडे वळू. कर्करोग म्हणजे पेशींची बेसुमार वाढ, असे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. ते खरे आहे, पण अर्धेच. १९८८ साली मेलबर्नमध्ये डेव्हिड वॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका कर्करोगात सापडलेले 'बीसीएल-२' नावाचे जनुक तपासले. त्यांना आढळले की हे जनुक पेशींना भराभर वाढवीत नाही. ते त्यांना मरू देत नाही, एवढेच! हौदात पाणी दोन कारणांनी तुंबते. तोटी जास्त सोडली तर, किंवा खालचे भोक बुजले तर. कर्करोगाचे गणित बहुधा दोन्ही बाजूंनी बिघडलेले असते.

मग प्रश्न येतो तो हा, की कोणत्या पेशीने जगावे आणि कोणत्या पेशीने मरावे, हे ठरवतो कोण?

खंडाळ्याच्या घाटातून कर्जतकडे उतरणाऱ्या आगगाडीत तुम्ही बसला असाल, तर ती वाटेत उगाचच थांबल्यासारखी थांबते, हे तुमच्या ध्यानात आले असेल. ते उगाच नसते. घाटात मुख्य मार्गाला फुटून उलट चढावर जाऊन संपणारे रूळ टाकलेले आहेत; रेल्वेची माणसे त्यांना 'कॅच सायडिंग' म्हणतात. एरवी सांधे या आंधळ्या रुळांकडेच जोडलेले असतात. गाडी तिथे थांबली, म्हणजे तिचे ब्रेक शाबूत आहेत हे सिद्ध झाले, की मगच सांधे मुख्य मार्गाला जोडले जातात. जिचे ब्रेक निकामी झाले आहेत अशी गाडी चढावर जाऊन अडकते. खाली गावापर्यंत पोचत नाही. दुभंगून दोन होण्यापूर्वी पेशीलाही अशीच थांब्याची जागा असते. तिथे डी.एन.ए.ची तपासणी होते, आणि या तपासणीतला सर्वांत वजनदार अधिकारी म्हणजे 'पी-५३' नावाचे एक प्रथिन.

या प्रथिनाचा शोध १९७९ साली लागला, आणि तोही अनेक ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी. माकडांत आढळणारा एसव्ही-४० नावाचा एक विषाणू प्रयोगशाळेतील प्राण्यांत अर्बुदे निर्माण करतो. लंडनमध्ये डेव्हिड लेन व लायोनेल क्रॉफर्ड आणि अमेरिकेत प्रिन्स्टन येथे आर्नल्ड लेव्हाईन व डॅनियल लिन्झर हे विषाणूचे प्रथिन पेशीतून वेगळे काढू पाहत होते. प्रत्येक वेळी त्याला चिकटून पेशीचेच एक प्रथिन बाहेर येई. फ्रान्समध्येही तेच दिसले, आणि न्यूयॉर्कमध्ये लॉइड ओल्ड यांच्या गटाला वेगळ्या वाटेने तेच प्रथिन सापडले.

नावाची गंमत येथे सांगायलाच हवी, कारण ती आमच्या पदार्थविज्ञानाच्या प्रांतातली आहे. प्रथिने वेगळी करण्यासाठी ती साबणासारख्या एका द्रव्यात मिसळून जेलीच्या पातळ वडीत घालतात आणि वडीच्या दोन टोकांना विद्युत्‌दाब देतात. सर्व प्रथिने धन टोकाकडे निघतात. लहान प्रथिन जेलीच्या जाळीतून चटकन सरकते, मोठे मागे रेंगाळते. किती सरकले त्यावरून वजन काढायचे. या रीतीने नव्या प्रथिनाचे वजन हायड्रोजनच्या अणूच्या सुमारे ५३,००० पट भरले, म्हणून ते पी-५३. पुढे त्यातील ३९३ अमिनो आम्ले एकेक करून मोजली तेव्हा खरे वजन ४४,००० च्याही आत निघाले! या प्रथिनाच्या एका भागात प्रोलीन हे अमिनो आम्ल फार आहे आणि त्यामुळे ते जेलीतून रखडत जाते. पण तोवर नाव रूढ झाले होते. विज्ञानात एकदा चिकटलेले नाव सहसा सुटत नाही.

नावापेक्षा मोठी चूक पुढे व्हायची होती. हे प्रथिन कर्कपेशींत भरपूर सापडते, विषाणूचे प्रथिन त्याला धरून बसते, तेव्हा हे कर्करोग घडवणारेच असणार, असे सर्वांनी धरले. १९८४ च्या सुमारास प्रयोगही तसेच सांगू लागले. पी-५३ चे जनुक आणि 'रास' नावाचे दुसरे जनुक पेशीत घातले की पेशी कर्कपेशी बनत. एका गटाचा अडसर मात्र जाईना. लेव्हाईन यांच्या प्रयोगशाळेतील पी-५३ घातले की काहीच घडत नसे! इतरांच्या नळीतले जनुक एक वागे, यांच्या नळीतले दुसरेच. अशा वेळी आपल्याच नळीला दोष देऊन ती मोरीत ओतून टाकण्याचा मोह होतो. लेव्हाईन यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही जनुकांतील अक्षरे ताडून पाहिली. १३५ व्या जागी लेव्हाईन यांच्या प्रथिनात ॲलानीन होते, दुसऱ्यात व्हॅलीन. निरोगी उंदरात ॲलानीनच असते. म्हणजे जगभर जे पी-५३ अभ्यासले जात होते, ते अर्बुदांतून घेतलेले, बिघडलेले पी-५३ होते. चोराच्या अंगावर पोलिसाचा गणवेश पाहून पोलिसालाच चोर ठरवावे, तसे झाले होते.

१९८९ साली दोन बाजूंनी निकाल लागला. लेव्हाईन यांच्या गटाने दाखवले की शाबूत पी-५३ पेशींना कर्कपेशी होऊच देत नाही. बाल्टिमोरमध्ये बर्ट व्होगेलस्टाईन यांच्या गटाला मोठ्या आतड्याच्या कर्करोगात १७ व्या गुणसूत्राचा एक तुकडा वारंवार गहाळ झालेला आढळला, आणि त्या तुकड्यावर नेमके पी-५३ चेच जनुक होते. जी प्रत उरली होती तीही बिघडलेली. दहा वर्षे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे असलेले प्रथिन पहारेकरी निघाले. आज आपल्याला माहीत आहे की माणसाच्या सर्व कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांत या एका जनुकात बिघाड असतो. दुसऱ्या कोणत्याही जनुकाच्या वाट्याला एवढे दुर्दैव आलेले नाही.

ते १३५ व्या जागचे व्हॅलीनही वाया गेले नाही. इस्राएलमधील वाइझमन संस्थेत मोशे ओरेन यांच्या गटाला आढळले की हे बिघडलेले प्रथिन तापमानानुसार वागते. ३७ अंशांला ते कुचकामी असते, पण ३२ अंशांच्या आसपास त्याचा आकार सुधारतो आणि ते शहाण्यासारखे काम करते. १९९१ साली त्यांनी उंदराच्या रक्ताच्या कर्करोगातील पेशींत ते घातले. ३७ अंशांला पेशी खुशाल वाढत राहिल्या. मग तापमान पाच अंशांनी उतरवले. पेशी आक्रसल्या, डी.एन.ए.चे तुकडे पडले आणि थोड्याच दिवसांत त्या मरून गेल्या. नुसते तापमान बदलून पहारेकऱ्याला जागे केले, आणि त्याने कर्कपेशींना मरण्याची आज्ञा दिली! इतका स्वच्छ प्रयोग क्वचितच पाहायला मिळतो.

हा पहारेकरी काम कसे करतो, ते आता पाहू. निरोगी पेशीत पी-५३ सतत तयार होते आणि सतत नष्टही होते. एमडीएम-२ नावाचे दुसरे प्रथिन त्याला पकडून पेशीच्या कचरापेटीत टाकत असते. किरणोत्सर्गी मूलद्रव्यांचे अर्धायुष्य तुम्ही शिकला आहात. पी-५३ चे अर्धायुष्य अवघे २० मिनिटांच्या आसपास आहे. हा उधळेपणा कशासाठी, असे तुम्ही विचाराल. पुन्हा हौदाकडे पाहा. तोटी चालू आहे आणि खाली बूच नाही. आता हौद तातडीने भरायचा असेल तर नवी तोटी बसवावी लागत नाही. भोकावर हात ठेवला की पुरे. क्ष-किरणांनी किंवा अन्य कारणाने डी.एन.ए.ची दोरी तुटली की एटीएम नावाचे विकर जागे होते आणि पी-५३ वर फॉस्फेटचा शिक्का मारते. शिक्का बसला की एमडीएम-२ ला त्याच्यावर पकड घेता येत नाही. काही तासांत पेशीत पी-५३ साचू लागते.

यातही एक मेख आहे. पी-५३ वाढले की तेच एमडीएम-२ चे उत्पादन वाढवते, म्हणजे आपल्याच मारेकऱ्याला बोलावते. विजेच्या इस्त्रीतील थर्मोस्टॅट आठवा. तापली की बंद, निवली की चालू. २००४ साली गलीत लहाव आणि उरी अलोन यांनी एकेका जिवंत पेशीवर नजर ठेवून पाहिले, तेव्हा पी-५३ चे प्रमाण काही तासांच्या अंतराने वर-खाली हेलकावे घेत होते. अधिक किरण दिले तर हेलकावा मोठा होत नव्हता; हेलकाव्यांची संख्या वाढत होती. जणू पहारेकरी पुनःपुन्हा विचारत होता, झाली का दुरुस्ती?

पहिल्या पायरीवर पी-५३ 'पी-२१' नावाचे प्रथिन तयार करवते. ते पेशीचे विभाजन थांबवते आणि दुरुस्तीला सवड मिळते. दुरुस्ती झाली तर गाडी पुढे जाते. झाली नाही तर पी-५३ 'प्यूमा' आणि 'नॉक्सा' या प्रथिनांना कामाला लावते. (ही नावे ठेवणाऱ्या शास्त्रज्ञांचा विनोद मला आवडतो, नॉक्सा म्हणजे लॅटिनमध्ये इजा.) त्यांचे काम म्हणजे मघाच्या बीसीएल-२ ला बाजूला सारणे. तो अडसर दूर झाला की 'बॅक्स' नावाचे प्रथिन तंतुकणिकांच्या भिंतीला भोके पाडते.

तंतुकणिका म्हणजे पेशीची वीजघरे. तिथे श्वसनाच्या कामात गुंतलेले सायटोक्रोम-सी हे प्रथिन त्या भोकांतून बाहेर गळते, आणि तीच मरणाची खूण ठरते. जे प्रथिन घटकाभरापूर्वी पेशीला जगवत होते, तेच बाहेर येताच तिला मारते! शियाओडोंग वांग यांच्या प्रयोगशाळेने १९९६ साली हे प्रसिद्ध केले, तेव्हा अनेकांना ते पटेना. बाहेर आलेले सायटोक्रोम-सी दुसऱ्या एका प्रथिनाचे सात रेणू एकत्र आणून सात आऱ्यांचे चाक बनवते, त्या चाकावर 'कॅस्पेज' नावाची विकरे जागी होतात, आणि ही विकरे कात्रीसारखी पेशीतील शेकडो प्रथिने ठरावीक जागी कापत सुटतात. इथून परत फिरणे बहुधा नसते.

उन्हात फार वेळ राहिल्यावर गोऱ्या माणसांच्या कातडीचे पापुद्रे निघतात, हे तुम्ही वाचले असेल. जंबुपार किरणांनी डी.एन.ए. बिघडलेल्या कातडीच्या पेशींना पी-५३ ने दिलेली ही आज्ञाच असते. कर्करोगाच्या औषधांनी रुग्णाचे केस गळतात त्यामागेही ते आहे. पी-५३ नसलेल्या उंदरांचे केस तशा औषधाने गळले नाहीत, असे २००० साली आढळले. पहारेकऱ्याला औषधाने केलेली तोडफोड दिसते. ती उपचारासाठी केली आहे, हे त्याला कसे कळावे?

आता थोडा हिशेब करू. पी-५३ एकटे काम करत नाही. चार रेणू एकत्र येऊन चौकडी बनते आणि ती डी.एन.ए.ला पकडते. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून व एक वडिलांकडून. समजा एक प्रत बिघडली. अर्धे रेणू चांगले, अर्धे वाईट. नाणेफेकीप्रमाणे चौघे जमले तर चौघेही चांगले असण्याची शक्यता १/२ चा चौथा घात, म्हणजे १/१६. एका सडक्या आंब्याने अढी नासावी तसे. प्रत्यक्षात हे रेणू तयार होतानाच जोडीजोडीने बांधले जातात असे २००२ साली दिसून आले. म्हणजे जोड्या एकतर पूर्ण चांगल्या किंवा पूर्ण वाईट. मग उत्तर किती येईल? १/४. तरीही तीन चतुर्थांश फौज निकामी झालीच.

काही माणसे एक बिघडलेली प्रत जन्मतःच घेऊन येतात. फ्रेडरिक ली आणि जोसेफ फ्रॉमेनी या दोन डॉक्टरांनी १९६९ साली अशा काही कुटुंबांची नोंद केली होती, ज्यांत लहान मुलांना स्नायूंचे, तरुण आयांना स्तनांचे, आणखी कोणाला मेंदूचे कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या होत होते. कारण कळायला १९९० साल उजाडले. पी-५३! अशा घरांतील मुलांची वरचेवर तपासणी करून अर्बुद लहान असतानाच शोधण्याचा प्रयत्न केला जातो.

पण बहुतेक रुग्णांत हा बिघाड जन्मानंतर होतो, आणि कधीकधी गुन्हेगार आपल्या बोटांचे ठसेही मागे ठेवतो. तंबाखूच्या धुरातील बेंझोपायरीन हे रसायन पी-५३ च्या जनुकात ज्या अक्षरांना चिकटते, नेमकी तीच अक्षरे फुप्फुसाच्या कर्करोगात बदललेली सापडतात. हे १९९६ साली सिद्ध झाले. बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या शेंगांत व मक्यात अफ्लाटॉक्सिन हे विष असते. चीनच्या काही भागांत आणि दक्षिण आफ्रिकेत ते पोटात गेलेल्या लोकांच्या यकृताच्या कर्करोगात पी-५३ ची २४९ वी जागा पुनःपुन्हा बदललेली दिसते. खवट, काळपट शेंगदाणा तोंडात आला तर थुंकून टाका. आजीचा हा सल्ला रसायनशास्त्राला पूर्ण मान्य आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९४१ पासून तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण येत आहेत. त्यांतल्या फार मोठ्या संख्येच्या मागे तंबाखूची चिमूट आहे, आणि त्या अर्बुदांतही पी-५३ वारंवार बिघडलेले आढळते.

विषाणूंची तऱ्हा निराळी. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग घडवणारा पॅपिलोमा विषाणू पी-५३ चे जनुक बिघडवीत बसत नाही. त्याचे ई-६ हे प्रथिन तयार झालेले पी-५३ सरळ कचरापेटीत पाठवते. या विषाणूवर लस आहे, आणि पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या लशीला २०२२ साली भारतात परवानगी मिळाली. ही लस विषाणूशी गाठ पडण्यापूर्वी, म्हणजे तुमच्याच वयात, घ्यायची असते.

मग पी-५३ जितके जास्त तितके बरे, असे समजायचे का? हत्तीला विचारले तर तो होय म्हणेल. त्याच्या शरीरात आपल्या कितीतरी पट पेशी, आयुष्यही साठ-सत्तर वर्षांचे, तरी त्याला कर्करोग क्वचित होतो. २०१५ साली दोन गटांनी याचे एक कारण शोधले. आपल्याकडे पी-५३ चे जनुक एक, तर हत्तीकडे वीस. त्यांतली बरीच अपुरी आहेत, पण हत्तीची पेशी किरणांनी दुखावली की आपल्या पेशीपेक्षा लवकर मरणे पत्करते. उंदराला विचारले तर मात्र उत्तर वेगळे येईल. २००२ साली ज्यांचे पी-५३ सदैव अतिजागरूक राहील असे उंदीर तयार झाले. त्यांना कर्करोग फारसा झाला नाही. पण ते अकाली म्हातारे झाले, पाठीला पोक आले, हाडे ठिसूळ झाली. ऊठसूट मरणाची आज्ञा दिली तर शरीराची झीज भरून कोणी काढायची?

म्हणूनच औषध शोधणाऱ्यांचे काम नाजूक आहे. काहींनी एमडीएम-२ ची पकड सोडवणारे रेणू बनवले. अमेरिकेतील नटली या गावी ते तयार झाले म्हणून त्यांना 'नटलिन' म्हणतात. काहींनी पी-५३ ला वगळून थेट बीसीएल-२ च्या खोबणीत बसणारा रेणू केला. व्हेनेटोक्लॅक्स नावाचे ते औषध २०१६ पासून रक्ताच्या काही कर्करोगांत वापरले जात आहे. मला सर्वांत मोह घालतो तो तिसरा मार्ग. पी-५३ मुळातच शरीराच्या तापमानाला जेमतेम आकार टिकवून धरणारे प्रथिन आहे. त्याच्या २२० व्या जागी टायरोसिनऐवजी लहानसे सिस्टीन आले तर तिथे एक पोकळी पडते आणि प्रथिन ३७ अंशांला ढासळते. भिंतीतला एक दगड निखळावा तसे. त्या पोकळीच्या मापाचा रेणू घडवून तिथे पाचरीसारखा ठोकला की प्रथिन पुन्हा सावरते. अशा एका औषधाच्या चाचण्या २०२० साली रुग्णांवर सुरू झाल्या. ओरेन यांनी पहारेकऱ्याला जागे करण्यासाठी तापमान पाच अंश खाली आणले होते. रुग्णाचे अंग ३२ अंशांवर ठेवता येत नाही, म्हणून ते काम आता या पाचरीकडून करून घ्यायचे आहे.